थोरलीची चार मुलं

चादरीची घडी एकटीने घालता येते, पण ती बघवत नाही. हे मी अधिकाराने सांगते, कारण हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझी सगळी नोकरी गरम रोलरसमोर गेली. मी एका बाजूने ओल्या चादरी आत सारायच्या, पलीकडे त्या वाफाळत बाहेर आल्या की दोघींनी त्यांची चार टोकं धरायची, एकदा झटकायची, चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं आणि मागे सरायचं. दिवसभर हेच. ज्यांची उंची जुळते, चाल जुळते आणि ज्यांना एकमेकींना काही सांगावं लागत नाही, त्यांची घडी सरळ येते. आमच्याकडे अशी एकच जोडी होती, आणि त्या जोडीतली उंच बाई म्हणजे थोरली.

अर्थात तेव्हा ती कोणाची थोरली नव्हती. नुकतं लग्न झालेली, हसरी, जरा मोठ्याने बोलणारी बाई. नवरा हॉस्पिटलचीच अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा. तिच्यासमोर चादर धरणारी मुलगी वयाने लहान, आईबापाविना मामाकडे वाढलेली, हाक मारली तरी आधी काय चुकलं ते शोधणारी. थोरलीचा धाकटा दीर भिंती रंगवायची कामं घ्यायचा आणि त्याच्यासाठी मुलगी बघणं चाललं होतं. एक दिवस टोकाला टोक लावता लावता थोरलीने तिला विचारलं, "माझी जाऊ होतेस का?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, ताई." दिराला कोणी विचारलं की नाही कोण जाणे. बहुतेक जेवायला बसल्यावर सांगितलं असावं.

मी थोरलीला म्हटलं होतं, "अगं, मैत्रीण चांगली आहे तर मैत्रीणच राहू दे तिला. जाऊ करून कशाला वाटोळं करतेस?"

"तू लग्न केलं नाहीस ना, म्हणून तुला सगळीकडे खड्डेच दिसतात," ती म्हणाली.

मी लग्न केलं नाही हे खरं आहे. पण दुसऱ्यांची लग्नं मी फार जवळून पाहिली. त्यांच्याच चाळीत खालच्या मजल्यावर मी राहायचे, आणि वरचा आवाज खाली यायला जिना लागत नाही.

वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दोन भाऊ, दोन जावा, चूल एक. चौघांचे पगार स्वयंपाकघरातल्या फळीवर एका पत्र्याच्या डब्यात पडायचे, ज्याला लागेल त्याने घ्यायचे आणि कशाला घेतले ते सांगायचं. भांड्याला भांडं लागायचं, नाही असं नाही. पण डब्यावरून कधी भांडण झालं नाही. मी म्हणायचे, हे फार दिवस टिकायचं नाही. माझं हे एक आहे, वाईट बोललं की खरं ठरतं.

थोरलीला मुलगा झाला. त्या बाळंतपणात काहीतरी बिघडलं आणि डॉक्टरांनी पुन्हा नाही म्हणून सांगितलं. पाठोपाठ धाकटीला मुलगी झाली, तिला सगळे चिमणी म्हणायचे. लाँड्रीच्या मागेच हॉस्पिटलचं पाळणाघर होतं. दोन्ही पोरं तिथे, मधल्या सुट्टीत या दोघी धावत जाऊन पाजून यायच्या. मग धाकटी पुन्हा गरोदर राहिली, आणि त्याच सुमाराला पाळणाघर बंद झालं. औषधांच्या खोक्यांना जागा हवी होती. खोकी रडत नाहीत.

आता एकीने घरी बसायला हवं होतं. कोणी, हे ठरलं तेव्हा मी तिथेच होते. साखर मागायला वर गेले होते आणि मला चहाला बसवलं. चौघं जमिनीवर, मी खिडकीशी. मी म्हटलं, "या दोघांपैकी एकाने राहावं की घरी. धाकट्याला अर्धं वर्ष तसंही काम नसतं." सगळे हसले. सगळ्यात जास्त धाकटा हसला. मी विनोद केला नव्हता.

मग हिशोब झाला. थोरलीची नोकरी जुनी, पगार किंचित जास्त. म्हणजे घरी धाकटीने राहायचं, असंच कोणीही म्हणालं असतं. पण तेव्हा सरकारचा नियम होता की नोकरी करणाऱ्या आईला एकाहून जास्त मुलं असली तर प्रत्येक मुलामागे भत्ता, आणि पुढे पेन्शनमध्येही वाढ. थोरलीला एकच, आणि एकच राहणार. धाकटीला दुसरं येत होतं, कदाचित तिसरंही आलं असतं. थोरल्याने बोटांवर मोजलं आणि बायकोकडे बघितलं. बोलली मात्र थोरलीच. "चूल एक आहे. पैसा कोणाच्या का नावाने येईना, शिजणार त्याच पातेल्यात ना? मी राहते घरी."

धाकटी म्हणाली, "ताई, तुमची नोकरी..."

"माझी नोकरी काय पळून चाललीय? पोरं मोठी झाली की येईन परत."

माझा चहा अजून गरम होता. एवढ्या वेळात एका बाईचा जन्म ठरला.

दुसऱ्या दिवशी ती अ‍ॅप्रन परत द्यायला आली आणि उगाचच दोन चादरी धाकटीबरोबर घडी करून गेली. त्यानंतर धाकटीसमोर कितीजणी उभ्या राहिल्या, घडी तिरकीच यायची.

घरी बसली म्हणतात लोक. मी तिला बसलेली कधी पाहिली नाही. धाकटीला पुढे दोन मुलगे झाले, म्हणजे घरात चार पोरं. त्यांची न्हाणी, आजारपणं, वह्या, मारामाऱ्या, चौघांचे डबे आणि मोठ्यांचेही. गावाकडचे सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा तेही तिच्याकडेच. धाकटी उजाडायच्या आधी निघायची आणि संध्याकाळी वाफेने सुजलेले हात घेऊन परत यायची. तोवर पोरं जेवून थोरलीच्या अवतीभवती लवंडलेली असायची. धाकटी त्यांच्याकडे बघत बघत जेवायची.

चिमणी शाळेत जायला लागली तेव्हाची गोष्ट. शाळेचा नियम असा की मूल फक्त आईच्या नाहीतर बापाच्याच हाती द्यायचं. पहिल्या दिवशी फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "कोण तुम्ही?" थोरलीने सरळ सांगितलं, "काकू." त्याने चिमणीला आत ठेवून घेतलं. शेवटी धाकटीला कामावरून बोलवावं लागलं आणि तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. संध्याकाळी धाकटीच म्हणाली, "ताई, उद्यापासून आई म्हणूनच सांगा. कोण तपासायला बसलंय?"

दुसऱ्या दिवशी तोच वॉचमन. त्याने पुन्हा विचारलं, "कोण तुम्ही?"

"आई."

"मग हे कालच सांगायचं," तो म्हणाला आणि त्याने चिमणीला सोडलं.

घरात पोरं थोरलीला मोठी आई म्हणायचीच, तेव्हापासून शाळेत ती तिन्ही पोरांची आई झाली. पालकांच्या सभेला तीच, बाईंची बोलणी खायला तीच, पोरांना टोचायला न्यायलाही तीच. आम्ही यावर खूप हसायचो. धाकटीही हसायची. ज्या खोट्याने कोणाचं वाकडं होत नाही त्याला कोण खोटं म्हणतं?

धाकटीच्या हसण्याखाली काय होतं ते मला एकदाच दिसलं. तिचा शेंडेफळ मुलगा जिन्यावरून पडला, हनुवटी फाटली. थोरली त्याला कडेवर घेऊन पळत हॉस्पिटलात आली. लाँड्रीत निरोप आला तशी धाकटी ओल्या अ‍ॅप्रनसकट धावली, मीही मागोमाग गेले. ड्रेसिंगच्या टेबलावर पोर किंचाळत होतं. धाकटीने दोन्ही हात पुढे केले. त्याने आईकडे एकदा बघितलं, मान फिरवली आणि थोरलीकडे झेप घेतली. थोरलीने त्याला उचललं, आणि तो लगेच गप्प झाला. नर्स धाकटीला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा, मुलाच्या आईला एकटीला राहू द्या." धाकटी बाहेर आली. रोलरपाशी आल्यावर मला एवढंच म्हणाली, "चादर घाला." त्या दिवशी मला तिची फार दया आली, आणि मी ती बोलून दाखवली नाही.

पुढचं लवकर सांगते, कारण घडलंही लवकर. थोरलीचा नवरा अ‍ॅम्ब्युलन्समध्येच, स्टिअरिंगवर डोकं ठेवून गेला. जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर पोचवणारा माणूस हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावून गेला आणि तासभर कोणाला कळलं नाही. नोकरी कंत्राटी होती, तो गेला तशी तीही गेली, मागे पेन्शन उरली नाही. तिचा मुलगा बोटीवर लागला, तिकडे परदेशातच लग्न करून राहिला. त्याचं त्यालाच पुरेना. तरी डबा होता, धाकटीचा पगार होता, ताट वाढलं जात होतं. मग धाकटी निवृत्त झाली. चिमणीने हप्त्यांवर शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं आणि आईवडिलांना बोलावलं. "मोठी आईलाही नेऊ," हे दोनतीनदा बोलून झालं. पण खोल्या मोजक्या, जावई अबोल. ज्या दिवशी सामान निघालं त्या दिवशी धाकटीने फळीवरचा डबा पुसून थोरलीच्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच असू दे, ताई." डबा रिकामा होता. चूल वेगळी झाली, आणि एका पातेल्यात शिजायचं होतं ते सगळं ज्याच्या नावावर आलं होतं त्याच्याकडे राहिलं.

थोरली लाँड्रीत विचारायला गेली. "पोरं मोठी झाली की येईन परत," म्हणाली होती ना. लाँड्री आता बाहेरच्या कंपनीकडे होती आणि घड्या मशीन घालत होतं.

भाडं थकायला लागलं. तेवढ्यात सरकारने नवी योजना काढली. मुलं वाढवण्यासाठी ज्या बायकांनी नोकरी सोडली, त्यांची ती वर्षं नोकरीत धरायची आणि पेन्शन द्यायची. ऐकून मी थोरलीला जवळजवळ ओढतच त्या कचेरीत नेलं. तिथली अधिकारी तरुण होती, नीट बोलणारी. तिने हिशोब करून सांगितलं, "तुमची नोकरी आणि एका मुलाची वर्षं धरली तर थोडं कमी पडतं."

मी म्हटलं, "एक कुठलं? चार वाढवलीत हिने."

थोरलीने सगळं सांगितलं. अधिकारी बाईने ऐकून घेतलं. "एक मूल एकाच बाईच्या नावे धरता येतं. ती तीन तुमच्या जावेच्या नावे आहेत, त्यांना त्याची वाढ मिळते. त्यांनी इथे येऊन माझ्यासमोर सांगितलं की मुलं तुम्ही वाढवली, तर ती तुमच्याकडे घेऊ. तिन्ही नकोत, एक जरी आलं तरी तुमची पेन्शन बसते. त्यांचं थोडंसं कमी होईल."

एक जरी. जिना उतरताना मी म्हटलं, "झालं तुझं काम." थोरली कठडा धरून उतरत राहिली. तिने जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि सुरुवात धाकटीपासून करायची होती.

आम्ही दोघी चिमणीच्या घरी गेलो. थोरलीने कोचाच्या कडेवर बसून, हातातल्या पिशवीचा बंद पिळत, कसंबसं विचारलं. चिमणी आतबाहेर करत होती. "मोठी आई, मला तुम्हा दोघींत पडायचं नाही," ती म्हणाली. वा. हिच्या नाकाचा शेंबूड पुसणारे हात समोर पिशवीचा बंद पिळत होते आणि हिला मधे पडायचं नव्हतं. धाकटी मात्र लगेच म्हणाली, "येते मी, ताई. सांगते." मला वाटलं, मी उगाच बायकांना नावं ठेवते.

ठरलेल्या दिवशी धाकटी कचेरीत वेळेवर आली. नवीन चपला घालून, एकटी. टेबलापलीकडे अधिकारी बाई, अलीकडे जावा शेजारी शेजारी, मी मागे. अधिकारी बाईने तोवर शाळेकडे चौकशी केली होती. ती धाकटीला म्हणाली, "शाळेच्या जुन्या बाई सांगतात की मुलांची आई रोज न्यायला यायची, एकही सभा चुकवली नाही. अशी आई पाहिली नाही म्हणतात."

थोरली हसली. "अहो, ती मीच."

"म्हणजे तुम्ही शाळेला खोटं सांगत होतात?"

थोरलीचं हसू तसंच अडकून राहिलं. मी तोंड उघडलं, तर अधिकारी बाईने हातानेच मला थांबवलं आणि धाकटीकडे वळली. "तुम्ही सांगा. मुलं कोणी वाढवली?"

धाकटी टेबलाकडे बघत होती. मला वाटलं, शब्द जुळवतेय.

"मी," ती म्हणाली.

मी मागून म्हटलं, "अगं, देवाला तरी घाबर."

"मी वाढवली," धाकटी म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला होता. "त्या वाफेत जन्म काढला तो कोणासाठी? हे हात बघा. संध्याकाळी घरी यायचे तर एक पोर माझ्याजवळ यायचं नाही. ताप आला की मोठी आई, पडलं की मोठी आई. आता इथे येऊन मीच सांगू की ती मी वाढवली नाहीत? मग मी केलं काय? ताई, दुसरं काहीही मागा. मी दर महिन्याला पैसे देते. हे नका मागू."

ती सांगायलाच आली होती, यावर माझा आजही विश्वास आहे. नव्या चपला घालून कोणी खोटं बोलायला येत नाही. शाळेची ती ओळ ऐकली आणि तिचं काहीतरी उसवलं. 'अशी आई पाहिली नाही,' हे तिच्याबद्दल जगात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं होतं, आणि तेही दुसरीचंच होतं.

अधिकारी बाईने थोरलीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

तिला बोलता आलं असतं. साक्षीला मी होते, चाळ होती, बोटीवरचा मुलगा होता. थोरलीने जावेकडे बघितलं, पूर्वी चादर झटकण्याआधी बघायची तसं.

"ती म्हणते ते बरोबर आहे," थोरली म्हणाली. "मुलं तिचीच आहेत."

बाहेर पायऱ्यांवर मी तिला नको नको ते बोलले. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास, म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तो पोरगा जिन्यावरून पडला होता, आठवतं?" ती म्हणाली. "मी त्याला तिच्याकडे द्यायला हवं होतं. रडला असता थोडा, गेला असता तिच्याकडे. पण मी घेतलं. आणि मला किती बरं वाटलं होतं गं, ती समोर उभी असताना."

आम्ही बस पकडली.

धाकटीचे पैसे दोनतीनदा आले. मग चिमणीच्या घराचे हप्ते आडवे आले आणि पुढे फोनही विरळ झाले. कामापुरता मामा, असं मी म्हणायला गेले तर थोरली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता ती पलीकडच्या इमारतीतल्या एका जोडप्याची मुलगी सांभाळते. या वयात गुडघे धरतात, पण पगार रोख मिळतो. परवा मी तिच्याबरोबर पोरीला आणायला गेले. शाळा तीच, फाटक तेच, वॉचमन नवीन. नियमही बदलला आहे, पगारी बाईला आता चालतं.

"कोण तुम्ही?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," थोरली म्हणाली. "कामावर आहे."

त्याने पोरीला सोडलं.

संध्याकाळी पोरीची आई ऑफिसातून आली तेव्हा मी तिथेच होते. पोरगी खेळता खेळता कशाला तरी अडखळली, आपटली आणि रडत उठली. आई दाराशी हात पसरून उभी, थोरली हाताच्या अंतरावर. पोरगी थोरलीकडेच धावली. थोरलीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. पोरगी तिच्या पायाशी रडत थांबली, वर बघत राहिली. थोरली जागची हलली नाही. बराच वेळ लागला. पोरगी आईकडे वळली, तिच्या खांद्यात तोंड खुपसून गप्प झाली, आणि मगच थोरलीने हात सोडले.